जुन्या पिकअपला हेडर बसवावा की बिडाचाच मॅनिफोल्ड नीट करून घ्यावा?

सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून टकटक आवाज, कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्येच लागणारा दम आणि काचा वर केल्या की केबिनमध्ये धुराचा वास. जुन्या पिकअपमध्ये ही तीन लक्षणं एकत्र दिसली की कुणीतरी हमखास सांगतं, ‘हेडर टाकून घे, गाडी मोकळी होईल.’ मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा बिडाचा, ओतीव लोखंडाचा भाग; हेडर म्हणजे त्याच्या जागी बसवायची वेगवेगळ्या पाइपांची जुळणी. मीही तो सल्ला ऐकला. माझ्या १९९६ च्या टाटामोबाइल २०६ ला आधी हेडर बनवून बसवला, दोन पावसाळे चालवला आणि मग पुन्हा बिडाच्या मॅनिफोल्डवर आलो. लोणीहून रोपं भरून पुण्यात आणायची हे या गाडीचं रोजचं काम. त्यामुळे फरक पडला असता तर तो माझ्या लक्षात आल्यावाचून राहिला नसता.

पैसे खर्च करण्याआधी गळती तपासा. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करायचं, पंख्याचा वारा लागू नये म्हणून पुठ्ठा आड धरायचा आणि पेटलेली उदबत्ती मॅनिफोल्ड जिथे हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) बसतो त्या सांध्याच्या कडेने सावकाश फिरवायची. धुराची रेघ जिथे झटके खात तुटते, तिथून गॅस बाहेर येतोय. पेट्रोल गाडीत किंवा डिझेल गळत असेल तिथे उदबत्ती नेऊ नका. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं सांध्यापाशी धरलं तरी फुसफुस स्पष्ट ऐकू येते. माझ्या गाडीत चौथ्या पोर्टखाली (सिलिंडरचा धूर बाहेर पडण्याच्या तोंडाखाली) काजळीचा काळा डाग पंख्यासारखा पसरला होता. इंजिन तापलं की बीड प्रसरण पावून फट मिटायची आणि पाच मिनिटांत आवाज बंद व्हायचा. म्हणूनच वर्षभर मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आता हेडर नेमकं काय करतो ते पाहू. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरचा धूर वीतभर अंतरात एकाच पोकळीत येऊन मिसळतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पाइप असतो, लांबी जवळपास सारखी ठेवतात आणि पाइप पुढे जाऊन जुळतात. एका सिलिंडरचा गॅस वेगाने पुढे गेला की त्याच्यामागे दाब कमी होतो, आणि तो दाब पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढतो. चार सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंग क्रम बहुतेक वेळा १-३-४-२ असतो. म्हणून चांगल्या हेडरमध्ये आधी एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या जुळतात आणि मग दोन्ही एकात मिळतात. त्यालाच चार-दोन-एक म्हणतात. चढाला आणि ओझ्याला हीच रचना बरी. चारही पाइप एकदम एका ठिकाणी आणलेला हेडर वरच्या आरपीएमला खुलतो, आणि मालवाहू गाडी तिथे क्वचितच पोचते.

हे सगळं पेट्रोल इंजिनाला छान लागू पडतं. माझ्या मेहुण्याच्या १२९८ सीसी जिप्सीला चार-दोन-एक हेडर बसवल्यावर मधल्या आरपीएमचा जोर वाढलेला मला स्टिअरिंगवर बसून जाणवला. पण त्याने त्याबरोबर पुढचा पाइप बदलला, एअर फिल्टर नवा टाकला आणि इंधनाचं मिश्रण पुन्हा जुळवून घेतलं. नुसता हेडर लावून बाकी सगळं तसंच ठेवलं असतं, तर आवाज वाढण्यापलीकडे फारसं हाती लागलं नसतं.

जुन्या डिझेलचं गणित निराळं आहे, आणि पुण्याच्या रस्त्यावरच्या बहुतेक जुन्या पिकअप डिझेलच आहेत. माझ्या २०६ च्या १९४८ सीसी इंजिनाला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंखा) नाही. अशा डिझेलमध्ये हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, हवा नेहमी पूर्ण येते. ताकद किती मिळणार हे ठरवतो पंप, म्हणजे तो किती डिझेल सोडतो ते. हेडरने धूर जरा सहज बाहेर गेला तरी पंपाची मर्यादा तीच राहते. काळा धूर येत असेल तर त्याचं कारण नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), पंपाचं टायमिंग किंवा चोंदलेला एअर फिल्टर यांत शोधा. बीएस-४ या प्रदूषणाच्या निकषाआधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. माझी गाडी त्यात बसली ती नोझल बदलल्यावर. हेडरमुळे आकडा हलला नव्हता.

टर्बो डिझेल असेल तर हेडरचा विचार सोडून द्या, हे मी ठामपणे सांगतो. तिथे मॅनिफोल्डवर टर्बोचं सगळं वजन लटकलेलं असतं आणि टर्बोला फिरायला गरम, दाबाचा गॅस लागतो. पातळ, लांब पाइपांत ती उष्णता वाटेतच जाते आणि वेल्डिंगच्या जोडावर टर्बोचा भार पडून तडा जातो. जाड, आखूड बिडाचा मॅनिफोल्ड तिथे योग्यच आहे.

माझा हेडर का फसला, तेही सांगतो. ज्या वर्कशॉपमध्ये तो बनवला तिथे फ्लँजसाठी, म्हणजे हेडला आवळायच्या सपाट पाटीसाठी, जेमतेम पाच मिलिमीटरची पट्टी वापरली. वेल्डिंगच्या उष्णतेने ती धनुष्यासारखी वाकली, आणि फेसिंग (मशीनवर पृष्ठभाग सपाट करणं) न करताच नव्या गॅसकेटवर आवळून दिली. पहिला महिना ठीक गेला. मग दोन पोर्टमधून टकटक सुरू झाली, म्हणजे ज्या दुखण्यासाठी गेलो होतो तेच दुप्पट होऊन आलं. पाइप एमएसचा (साध्या पोलादाचा), दीड मिलिमीटरचा. त्यावर उष्णता रोखायला पट्टी गुंडाळली होती. पावसाळ्यात ती पट्टी पाणी धरून राहिली, आणि दुसऱ्या वर्षी सोडवली तेव्हा आतला पाइप पापडासारखा पापुद्रे सोडत होता. वर्कशॉपकडे परत गेलो, तर ‘जुन्या गाडीत एवढं चालायचंच’ असं उत्तर मिळालं. ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण फ्लँज जाड घेणं आणि एकदा फेस मारणं एवढंच तर हवं होतं.

हेडर करायचाच असेल, तर फ्लँज किमान आठ ते दहा मिलिमीटरचा लेझरवर कापून घ्या. भोसरीच्या एमआयडीसीत अशी कामं रोज होतात. वेल्डिंग आर्गॉनचं हवं आणि ते झाल्यावर फेसिंग सक्तीचं. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) सहजासहजी गंजत नाही, पण तापला की फार वाढतो. चाळीस सेंटिमीटरचा तुकडा ५०० अंशांनी तापला तर बीड सुमारे सव्वादोन मिलिमीटर वाढतं, एसएस जवळजवळ साडेतीन. म्हणून फ्लँज अखंड न ठेवता पोर्टांच्या मधे चिरावा लागतो, नाहीतर स्टड (हेडमध्ये बसवलेले, नट लावायचे आटेदार दांडे) तुटतात. एमएस स्वस्त आणि वाढतोही कमी, पण आपल्या पावसात त्याचं आयुष्य थोडं. पाइप डिझेलच्या नळ्या, वायरिंग आणि क्लचच्या जोडण्या यांपासून लांब जातात का, हे गाडी रँपवर घेऊन स्वतः बघा. गाडीला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) किंवा सेन्सर असेल तर त्याची जागा हेडरमध्ये असलीच पाहिजे.

दुसऱ्या बाजूला बिडाचा जुना मॅनिफोल्ड. वाकला असेल तर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजा आणि टर्नरकडून फेस मारून घ्या. या कामाला एक दिवस पुरतो आणि खर्च सगळ्यांत कमी येतो. तडा गेला असेल तर विचार करावा लागतो. बीड आधी तापवून, निकेल रॉडने वेल्ड करून, मग राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करणारा कारागीर मिळाला तरच ते काम टिकतं. साध्या रॉडने केलेला वेल्ड शेजारीच नवी चीर पाडतो. तसा कारागीर नसेल तर नाना पेठेत किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दुसरा मॅनिफोल्ड शोधा. घेताना हातोडीने हलकं टकटकून बघा. घंटेसारखा आवाज आला तर ठीक, भसका आला तर ठेवून द्या.

कागदपत्रांकडेही लक्ष हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेपासून गाडी बदलण्यावर स्पष्ट मर्यादा घातली. पिवळ्या पाटीच्या पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. तिथे मोठ्या आवाजाची गाडी उगाच डोळ्यांवर येते. हेडर घातलात तरी सायलेन्सर मूळचाच ठेवा.

तर, पेट्रोल पिकअप असेल, इंजिनाचं कॉम्प्रेशन चांगलं असेल आणि मिश्रण जुळवून घ्यायची तयारी असेल, तर एसएसचा चार-दोन-एक हेडर जरूर करा. टर्बो नसलेलं डिझेल असेल, तर मॅनिफोल्डला फेस मारून, नवे स्टड आणि चांगला गॅसकेट घालून उरलेले पैसे नोझलवर खर्च करा. मी तेच केलं, आणि चढाची तक्रार नोझल झाल्यावर कमी झाली. हेडर फक्त तेव्हाच, जेव्हा बिडाचा धड मॅनिफोल्ड कुठेच मिळत नाही.

कोणताही पर्याय निवडा, जुने स्टड काढायच्या आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि अडला तर तापवून, पुढे-मागे करत सोडवा. जोराने पाना मारला की स्टड हेडच्या पृष्ठभागाशी तुटतो, आणि मग ड्रिल मारण्याचं काम मॅनिफोल्डपेक्षा महाग पडतं. बसवताना मधल्या नटापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. मी गाडी जोडून झाल्यावर रोपं भरून दिवे घाट चढून आलो, रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी पुन्हा पाना लावला. मधले दोन नट जवळजवळ पाव फेरा फिरले.