ओहमचा नियम: नायक्रोमची तार की विजेरीचा बल्ब?

चांगल्या निकालाच्या शाळेत दहावीला ‘विद्युत’ प्रकरण येईपर्यंत बरीच मुले ट्यूशनमध्ये ओहमचा नियम (व्होल्टेज वाढेल त्याच प्रमाणात करंट वाढतो) पाठ करून आलेली असतात. व्होल्टेज-करंटचा आलेख सरळ रेषेचा येणार हे त्यांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे एखादे वाचन रेषेवर बसले नाही की ते हळूच बसवले जाते. प्रयोग कशावर करून घ्यायचा हे ठरवताना ही सवय आधी लक्षात घ्यावी.

एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या कृतीत अर्धा मीटर नायक्रोमची तार आणि दीड व्होल्टचे चार सेल आहेत. तार 30 गेजची घ्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). रोध साधारण 7 ओहम भरतो, चारही सेल लावले तरी करंट 1 अँपियरच्या आत राहतो आणि 0–1 अँपियरचा अ‍ॅमीटर पुरतो. 26 गेजच्या तारेचा रोध याच्या निम्म्याहून कमी, म्हणून काटा टोकाला आदळतो आणि सेल भराभर उतरतात. नायक्रोम तापला तरी त्याचा रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे रेषा सरळ येते. एक-एक सेल वाढवत चार वाचने आणि आलेख, एवढे एका तासिकेत होते.

बल्बला जोडतासिका हवी. 2.5 व्होल्ट, 0.3 अँपियरचा तंतूचा बल्ब, दोन सेल, 30 ओहमचा रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा रोध), 0–500 मिलिअँपियरचा अ‍ॅमीटर आणि 0–3 व्होल्टचा व्होल्टमीटर. सुरुवात रिओस्टॅट पूर्ण रोधावर ठेवून. चार सेल सरळ लावले तर बल्ब उडतो. दुकानात हल्ली बहुधा एलईडीच पुढे केला जातो, तेव्हा काचेतली बारीक तार पाहूनच बल्ब घ्या. पूर्ण पेटल्यावर बल्बचा रोध सुमारे 8 ओहम असतो, थंड असताना त्याच्या काही अंशच. म्हणून व्होल्टेज वाढवत नेले की करंट त्या प्रमाणात वाढत नाही आणि रेषा वाकते. पट्टीने सरळ ओढणारी मुले इथे लगेच सापडतात! त्यांना ओरडू नका, प्रत्येक वाचनाचा व्ही भागिले आय, म्हणजे व्होल्टेज भागिले करंट (रोध), काढायला लावा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लग की (परिपथाची कळ) आणि तारांची टोके काळवंडतात. अर्धा ओहम जास्तीचा रोध तारेच्या प्रयोगात खपून जातो, थंड बल्बच्या वाचनात मात्र मोठी चूक करतो. टोके पॉलिश पेपरने घासा आणि व्होल्टमीटर होल्डरच्या पत्र्यांनाच जोडा.

एकच तासिका हाती असेल, किंवा अ‍ॅमीटर मालिकेत जोडायलाच मुले चुकत असतील, तर तार. परीक्षेत सरळ रेषाच विचारतात, त्यामुळे ती वगळता येत नाही. जोडतासिका मिळाली तर निम्म्या गटांना तार, निम्म्यांना बल्ब द्या आणि आलेख एकमेकांना तपासायला लावा. हुशार वर्गासाठी आम्ही हीच मांडणी निवडू.