२८ मिमीच्या फिगर्सवर वॉटरकलर : १२ हाफ-पॅनचा सेट सहा महिने वापरून

हा सेट (हाफ-पॅन म्हणजे वाळलेल्या रंगाच्या छोट्या वड्या) खरं तर कागदासाठी आहे, पण मी तो सहा महिने फक्त छोट्या फॅन्टसी फिगर्सवर, म्हणजे साधारण इंचभर माणसाच्या मापाच्या इवल्या मूर्तींवर वापरलाय, जादूगार, बुटके योद्धे, गॉब्लिन आणि एक पंख पसरलेला ड्रॅगन, त्यामुळे रिव्ह्यूही तेवढ्यापुरताच. कागदावर कसा चालतो ते मी बघितलेलंच नाही.

पहिल्या दिवशी रंग बसेचना. प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारलेल्या फिगरवर ब्रश टेकवला की पाण्याचे गोल थेंब व्हायचे आणि घरंगळून जायचे. यात सेटचा दोष नाही, ॲक्रेलिक प्रायमर कागदासारखं पाणी पीत नाही ना. मग तीन गोष्टी केल्या, फिगर साबणाच्या कोमट पाण्यात घासून धुतली (रेझिनच्या फिगरला साच्यातला तेलकटपणा चिकटलेला असतो), प्रायमर एकदम मॅट घेतला आणि रंगाच्या पाण्यात ऑक्स गॉलचा (बैलाच्या पित्तापासून केलेलं द्रव) एक थेंब टाकला, त्याने पाणी पसरतं. वॉटरकलर ग्राउंडपण (पाणी शोषणारा अस्तराचा लेप) लावून बघितलं, त्यावर रंग सुंदर धरतो पण जाड लागलं की डोळे आणि साखळी-चिलखताच्या कड्या बुजून जातात, म्हणून लावायचंच तर पाणी घालून पातळ करून दोन हात द्या.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. या सेटमधला निळा अल्ट्रामरीन (पीबी २९, हा त्यातल्या पिगमेंटचा म्हणजे रंगाच्या भुकटीचा कोड) आणि तपकिरी बर्न्ट सिएना (पीबीआर ७) एकत्र करून जादूगाराच्या झग्यावर सोडला आणि नुसती बघत बसले. पिगमेंटचे कण जड, ते आपोआप चुण्यांच्या खोलात जाऊन बसतात आणि उंच कडांवर रंग पातळ राहतो, म्हणजे सावली आपण काढायची गरजच नाही, ती वाळता वाळता होते. खाली रंगाचं तळं साचलं तर कोरड्या केलेल्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचं, बस. आणि आधी काळा प्रायमर मारून वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका फवारा दिला असेल तर अजूनच छान, रंग पारदर्शक असल्यामुळे खालचा पांढरा जिथे आहे तिथे उजेड पडल्यासारखा दिसतो.

दुसरं सुख म्हणजे चूक पुसता येते!! बुटक्याचा डोळा मी चार वेळा काढला, प्रत्येक वेळी ओल्या ब्रशने उचलला आणि खालचा चेहरा, त्यावर आधीच वॉर्निश मारलेलं असल्यामुळे, तसाच स्वच्छ. ॲक्रेलिक वाळला की तो निघत नाही. वॉटरकलरमध्ये पिगमेंट धरून ठेवतो तो डिंक, पाणी लागलं की परत सुटतो. फक्त थॅलो ग्रीन (पीजी ७) जपून, तो डाग धरतो, गॉब्लिनच्या कातडीवर एकदा बसला की पूर्ण जात नाही.

पण हाच डिंक डोकेदुखीपण आहे. दुसरा थर द्यायला गेलं की पहिला उठतो, घामेजलेल्या बोटाने फिगर धरली तरी ठसा उमटतो. म्हणून फिगर बाटलीच्या बुचावर चिकटवून धरते आणि प्रत्येक टप्प्यानंतर मॅट वॉर्निशचा (रंग पक्का करणारा बिनचमकीचा थर) स्प्रे, २५-३० सेमीवरून, अगदी हलका फवारा, वाळू द्यायचा, परत एक. पाण्यात मिसळणारं वॉर्निश ब्रशने लावायला जाऊ नका, माझ्या ड्रॅगनच्या पंखावरच्या सगळ्या शिरा त्यात वाहून गेल्या आणि तो पंख मला पहिल्यापासून करावा लागला, जाम वाईट वाटलं होतं.

सेटबद्दल तक्रारी आहेत. पांढरा झिंक व्हाइट आहे, झाकतच नाही, दाताचा किंवा तलवारीच्या धारेचा ठिपका द्यायला मी पांढरा गुआश (पाण्यातलाच, पण झाकणारा रंग) वेगळा ठेवलाय. क्रिमसन पीआर ८३ निघाला, खरा ॲलिझरिन, तो उजेडात उडतो हे माहीत होतं तरी पट्टी रंगवून अर्धी झाकून खिडकीत ठेवली, उघडी बाजू दोन महिन्यांत स्पष्ट फिकी. शेल्फवर वर्षानुवर्षं ठेवायच्या फिगरच्या लाल झग्याला असा रंग देणं मला पटत नाही. डब्यातला ब्रश लगेच बाजूला ठेवा, टोकच धरत नाही. चांगल्या कोलिन्स्की सेबलचा (प्राण्याच्या मऊ केसांचा ब्रश) १ नंबर घ्या, अगदी बारीक ब्रश घेतला तर त्यात पाणीच मावत नाही, रंग फिगरपर्यंत पोचेपर्यंत टोकावर वाळतो.

बाकी पॅन ओले केले की लगेच सुटतात, आणि फिगरला रंग इतका कमी लागतो की सहा महिन्यांत एकाही पॅनचा तळ दिसलेला नाही. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी पूर्ण सेट घेणार नाही, सुटे हाफ-पॅन घेईन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, एक पिवळा ऑकर आणि क्रिमसनच्या जागी क्विनॅक्रिडोन रोझ (पीव्ही १९). सध्या बाकावर एक चेटकीण आहे, तिचा सगळा झगा याच चारातून करायचा विचार आहे, पिवळा आणि रोझ एका उसन्या डब्यातून.