गुडघा बदलल्यावर रक्त: स्वतःचं की पेढीतलं?

फोंड्यात काय, डिचोलीत काय, गुडघा बदलायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न: रक्त कोण देणार?

पेढीतलं रक्त एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिस, मलेरियासाठी तपासलेलं असतं. तरी ॲलर्जी किंवा चुकीच्या गटाची पिशवी लागणं, हा धोका थोडा उरतोच.

शस्त्रक्रियेनंतर जखमेत ठेवलेल्या नळीतून जमलेलं स्वतःचं रक्त गाळून परत चढवलं, तर परक्या रक्ताची भीती नाही. पण जमायला लागल्यापासून ६ तासांत ते द्यावं लागतं. नुसत्या गाळलेल्यात फुटलेल्या पेशी आणि चरबीचे कण राहतात. थंडी-ताप येऊ शकतो. यंत्रात धुतलेलं अधिक स्वच्छ, पण महाग. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर नकोच.

माझा कल? आधी हिमोग्लोबिन वाढवा, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा पेढीतलं किंवा नळीतलं, कुठलंच रक्त चढवायची गरज पडत नाही.