मॉनमथ काउंटीची जुनी घरं आणि म्युझियम: मेंबरशिप घेऊन काही महिने झाल्यावरचा अनुभव

मार्लबरो, फ्रीहोल्ड, मनालपन, होल्मडेल या पट्ट्यात आपली एवढी मराठी मंडळी राहतात, पण मॉनमथ काउंटी हिस्टॉरिकल असोसिएशनचं नाव काढलं की निम्मे लोक विचारतात हे काय असतं. तर ही न्यू जर्सीतली १८९८ सालची संस्था आहे, फ्रीहोल्डला कोर्ट स्ट्रीटवर त्यांचं म्युझियम आणि लायब्ररी आहे आणि आजूबाजूच्या गावांत काही जुनी घरं त्यांनी जपून ठेवलीत. आम्ही फॅमिली मेंबरशिप घेतली ती खरं तर सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार होते म्हणून, त्यांना दर वीकेंडला मॉल आणि मंदिर यापलीकडे कुठे न्यायचं हा प्रश्नच असतो ना.

आधी फ्रीहोल्डच्या म्युझियमबद्दल. बिल्डिंग १९३१ ची, जवळच १७७८ च्या, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या मॉनमथच्या लढाईचं उंच स्मारक आहे (ते स्मारक उभारलं १८८४ ला, सासरे, म्हणजे आमचे बाबा, तिथेच आकड्यांत घोळ घालून बसले). आत जुनं फर्निचर, पोर्ट्रेट्स, भांडीकुंडी असं बरंच आहे, आणि वॉशिंग्टन मॉनमथला पळणाऱ्या सैनिकांना परत फिरवतोय ते लॉइट्झे या चित्रकाराचं चित्र आहे, हाच तो डेलावेअर नदी ओलांडतानाचं फेमस चित्र काढणारा. मोठं चित्र कॅलिफोर्नियात बर्कलीला आहे, इथलं १८५७ चं छोटं. मला आवडलं, मुलगा पाच मिनिटांत कंटाळला. फर्निचरची आवड नसेल तर इथे तासभर पुरे. २०१९ ला इथे रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनवर प्रदर्शन लागलं होतं, तो याच गावात लहानाचा मोठा झाला, त्यामुळे इथले लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात.

खरी मजा घरांमध्ये आहे. फ्रीहोल्डचंच कोव्हनहोवन हाउस घ्या. लढाई झाली २८ जून १७७८ ला, त्याच्या आदले दोन दिवस ब्रिटिश सेनापती क्लिंटन या घरात मुक्कामाला होता. घरमालकीण एलिझाबेथ कोव्हनहोवन, सत्तरी ओलांडलेली बाई, हिने चांगलं चांगलं सामान आधीच लपवून ठेवलं होतं, मग साहेबांनी सांगितलं काळजी करू नका तुमच्या वस्तूंना कोणी हात लावणार नाही, आणि लपवलेलं बाहेर आल्यावर सगळं लुटलं. तिला तिच्याच घरात दुधाच्या खोलीत तळघराच्या दारावर दोन रात्री झोपावं लागलं आणि अंगावर घ्यायला एक पांघरूण मागितलं तर तेही दिलं नाही. हे त्या काळच्या पेपरात छापून आलेलं आहे. सासूबाई हे ऐकून एवढ्या चिडल्या की गाडीत बसेपर्यंत क्लिंटनला शिव्या चालू होत्या. आणि बाबांनी लगेच जोडून दिलं की म्हणजे हे आपल्या वडगावच्या आधी सहा-सात महिने, जानेवारी १७७९ ला मराठ्यांनी इंग्रजांना वडगावला घेरून तह करायला लावला तेव्हा इकडे ही लढाई होऊन गेलेली. तिकडे कंपनीचं सैन्य, इकडे राजाचं, पण मुलाला दोन्ही एका वेळचं आहे हे पहिल्यांदाच कळलं, माझ्याही डोक्यात हे कधी एकत्र आलं नव्हतं.

पण मला विचाराल तर सगळ्यात आधी मिडलटाउनचं मार्लपिट हॉल बघा, बाकी सगळं नंतर. टेलर कुटुंबाचं घर, हे लोक ब्रिटिश राजाच्या बाजूचे. २०२१ पासून तिथे या घरात राबलेल्या गुलाम माणसांवरचं प्रदर्शन आहे, फरशीच्या फळ्यांखाली त्या लोकांनी लपवलेल्या वस्तू सापडल्या त्यावरून नाव दिलंय. मालकांची चांदीची भांडी दाखवून मोकळं होणं सोपं होतं हो, इथे यॉर्क, क्लॅरिस अशी एकेका माणसाची नावानिशी माहिती कागदपत्रांतून शोधून काढलीय आणि ते ज्या खोल्यांत काम करायचे, झोपायचे तिथेच ती सांगितलीय. मला वाटायचं गुलामगिरी म्हणजे साउथ. न्यू जर्सीने १८०४ ला कायदा केला तोही कसा, ४ जुलैनंतर जन्मलेली मुलं स्वतंत्र, पण मुलगी २१ ची आणि मुलगा २५ चा होईपर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं, आणि आधी जन्मलेल्यांना तर काहीच नाही. माझ्या मुलाने गाईडबाईंना विचारलं मग आईचं काय, त्यावर त्या थोडा वेळ थांबल्या आणि मग नीट बसून समजावलं. असे गाईड असतील तर म्युझियमला पैसे द्यायला काही वाटत नाही.

होल्मडेलचं होम्स-हेंड्रिक्सन हाउस म्हणजे डच पद्धतीचं शेतकऱ्याचं घर, साधारण १७५४ चं, आणि १९५९ ला बेल लॅब्सच्या (टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था) बांधकामासाठी जागा हवी म्हणून अख्खं घर उचलून आत्ताच्या जागी आणलं. आपल्यातल्या जुन्या लोकांनी त्या बेल लॅब्समध्ये नोकऱ्या केल्यात, त्यांना हे सांगून बघा. शेजारीच लाँगस्ट्रीट फार्म आहे, तो काउंटी पार्कचा, १८९० च्या काळासारखी शेती करून दाखवतात, गाई-घोडे-कोंबड्या, फुकट. लहान मुलं असतील तर हीच जोडी घ्या.

श्रूसबरीच्या ॲलन हाउसला पूर्वी ब्लू बॉल नावाची टॅव्हर्न होती, चौकातच आहे, छोटंसं, वेगळी चक्कर मारण्याऐवजी रेड बँकला जाता येता बघा.

कार्यक्रमांचं म्हणाल तर मे च्या पहिल्या वीकेंडला काउंटीभर 'वीकेंड इन ओल्ड मॉनमथ' असतं, जुनी घरं, चर्च, सगळं उघडं आणि फुकट. यादी बघून हावरटपणा होतो, पण एका दिवशी तीन-चारच धरा, गाडीत चढ-उतर करून घरचे वैतागतात. जूनमध्ये बॅटलफिल्ड स्टेट पार्कला लढाईचं रीएनॅक्टमेंट असतं, तोफा, धूर, लोकरीचे कोट घातलेले सैनिक. १७७८ ला गोळ्यांबरोबर उन्हानेही बरेच मेले म्हणतात ते तिथे मैदानात उभं राहिल्यावर लगेच पटतं, सावली कमी आहे तेव्हा टोपी, पाणी, घडीच्या खुर्च्या न्याच.

अडचणी सांगायच्या तर जुनी घरं म्हणजे जिने अरुंद आणि चढे, बाबा ठीक होते पण सासूबाई गुडघ्यांमुळे वर गेल्याच नाहीत. आणि घरं वर्षभर रोज उघडी नसतात, सीझन आणि वार ठरलेले असतात, त्यामुळे निघायच्या आधी वेबसाइट बघूनच निघा. थंडीत फारसं काही मिळणार नाही हे धरूनच मेंबरशिप घ्या, म्हणजे एप्रिलच्या सुमारास.