मॅलीन चाचणी : घोड्याच्या पापणीवर उमटणारे निदान

घोडागाड्यांच्या काळात ग्लँडर्स हा रोग तबेल्यात शिरला की तो घोड्यांपुरता थांबत नसे. नाकातून चिकट स्राव गळणाऱ्या जनावराला खरारा करणारा मोतद्दार, त्याला तपासणारा पशुवैद्य आणि मेलेले घोडे सोलणारा कामगार यांच्या हातावरच्या एखाद्या ओरखड्यातूनही जंतू आत शिरत, आणि प्रतिजैविके येण्यापूर्वी असा रुग्ण क्वचितच वाचे. जर्मनीत लॉफलर आणि शुट्झ यांनी १८८२ मध्ये हा जंतू शोधला, तरी खरी अडचण तशीच राहिली. कारण बाहेरून धडधाकट दिसणारा, रोज गाडी ओढणारा घोडाच सामाईक हौदावर तोंड लावून रोग पसरवीत असे. मॅलीन हे घोड्याला टोचून रोग ओळखण्याचे उत्पादन नेमके या लपलेल्या रोग्यासाठी आहे, आणि त्याचे मोल त्याच कसोटीवर ठरवले पाहिजे.

रशियात हेलमन आणि काल्निंग यांनी स्वतंत्रपणे ते तयार केले. ग्लिसरीनयुक्त पोषक द्रवात जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि द्रव गाळून घ्यायचा, अशी त्याची कृती होती. त्यात जिवंत जंतू नसल्यामुळे निरोगी घोड्याला सुईमुळे रोग जडण्याचे भय नाही. काल्निंग स्वतः मात्र १८९१ मध्ये ग्लँडर्सनेच गेले. घोड्यासाठी निर्धोक असलेले हे उत्पादन बनवणाऱ्यासाठी तसे नव्हते.

वापराच्या दृष्टीने कातडीखाली टोचण्याची पहिली पद्धत मला किचकट वाटते. रोगी घोड्याला टोचल्यावर ताप चढतो, म्हणून टोचण्यापूर्वी आणि नंतर घोड्याचा ताप पुन्हापुन्हा मोजावा लागतो, आणि ज्या घोड्याला आधीच ताप आहे त्याच्या बाबतीत या साऱ्या खटाटोपाचा अर्थच लागत नाही. त्यापेक्षा पापणीची पद्धत कितीतरी सुटसुटीत आहे. खालच्या पापणीच्या कातडीत केवळ ०.१ मिलिलिटर मॅलीन टोचायचे आणि २४ व ४८ तासांनी डोळा पाहायचा. रोगी घोड्याची पापणी फुगून डोळा अर्धवट किंवा पुरता मिटतो, कोपऱ्यात पू साचतो आणि तो घोडा दुखऱ्या बाजूने हात जवळ येऊ देत नाही. निरोगी घोड्याला फारतर किंचित सूज येते आणि ती लवकरच ओसरते. हा फरक वाचायला प्रयोगशाळा लागत नाही, तबेल्याच्या दारातला उजेड पुरतो.

उणिवा मात्र लहान नाहीत. रोगाने पार खंगलेला घोडा अनेकदा प्रतिसादच देत नाही, त्यामुळे सर्वांत धोकादायक जनावर निर्दोष ठरू शकते. शिवाय हे औषध नव्हे. पापणी सुजली की पुढे घोडा मारणे एवढेच उरते, आणि ज्याचे पोट त्या घोड्यावर आहे तो मालक भरपाईवाचून चाचणीला आपण होऊन कशाला तयार होईल? ब्रिटनमध्ये १९०७ च्या आदेशाने चाचणीत सापडलेले घोडे सक्तीने मारून मालकांना भरपाई देण्याची सोय केली, आणि १९२८ पर्यंत तिथून हा रोग हटला. यातले श्रेय एकट्या सुईला देणे मला पटत नाही.

वापरणाऱ्याने एक पथ्य जरूर पाळावे : रक्ताची चाचणीही करायची असेल, तर नमुना मॅलीन टोचण्यापूर्वी घ्यावा, कारण टोचल्यानंतर काही काळ निरोगी घोड्याचे रक्तही रोगी असल्याची खोटी साक्ष देऊ शकते.