ट्यूलिपचे कंद घेताय? आधी एक चिरून बघा

नोव्हेंबर लागला की इंदूरच्या रस्त्यांवर जाळीच्या पिशव्यांतून ‘ट्यूलिप’चे कंद विकायला येतात. पिशवीवर निळ्याशार फुलाचा फोटो आणि तोंडी हमी: ‘थंडी देऊन आणलेत, एकदा लावा, दर वसंतात फुलतील.’ मुळात खऱ्या निळ्या रंगाचं ट्यूलिप नसतंच.

अशी १० कंदांची पिशवी आम्ही घेतली आणि फसलो. चिरल्यावर सहा कंद ग्लॅडिओलसचे निघाले: चपटे, अंगावर गोल कड्या, आत बटाट्यासारखे भरीव. ट्यूलिपच्या कंदात कांद्यासारखे जाड, पांढरे तीन-चार पापुद्रे असतात, मधोमध पिवळसर कोंब आणि त्या कोंबात इवलीशी कळी. फूल लावणीआधीच कंदात तयार झालेलं असतं. उरलेल्या चारांत कोंब होता, पण कळी तपकिरी, सुकून कागद झालेली. गोदामात किंवा वाटेत उष्णता लागली की असं होतं आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून आधी एकच कंद विकत घ्या, तिथेच उभा चिरा, मग बाकीचे.

अस्सल कंदालाही सुमारे ५ अंशांवर १२ ते १४ आठवडे थंडी लागते. इंदूरला डिसेंबरात पहाटे पारा १०च्या आसपास, दुपारी २५च्या पुढे. थंडी न मिळालेल्या कंदाला नुसती पानं येतात, नाहीतर बुटकं फूल पानांतच अडकतं. फ्रिजमध्ये कागदी पिशवीत ठेवायचे तर सप्टेंबरातच. शेजारी सफरचंद, केळी नकोत, पिकत्या फळांच्या वायूने कळी मरते. नोव्हेंबरात घेतलेला कंद बाहेर निघेपर्यंत फेब्रुवारी संपतो. मग मार्चचं ऊन!

‘दर वसंतात’ हे तर साफ खोटं. फुलल्यावर मूळ कंद झिजतो, पोटाशी लहान कंद उरतात, ते मेच्या चाळिशीत भाजतात किंवा पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत कुजतात. दिल्लीतले बहुतेक ट्यूलिपही दर वर्षी बाहेरून आणलेल्या कंदांचे असतात.

माळव्यात वर्षानुवर्षं टिकणारा कंद हवा तर अमरिलिस लिली घ्या. दोऱ्याने घेर मोजा, २० सेंटिमीटरचा भरला पाहिजे. मातीत तेवढीच जाड वाळू आणि शेणखत मिसळा, कंदाची मान मातीबाहेर ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये फुलून गेल्यावर पानं कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्याच पानांच्या जोरावर कंदात धरतं.