वारं गेलेल्या हाताचे नऊ महिने

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, ब्लाऊजच्या ऑर्डरी गळ्यापर्यंत आलेल्या असताना, माझ्या हातातून कात्री पडली. उचलायला वाकले तर उजवा हात खाली गेलाच नाही. मेंदूचा झटका, म्हणजे अर्धांगवायू. आमच्या कोल्हापुरात याला ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. वय एक्कावन्न, शुक्रवार पेठेत पंचवीस वर्षं शिवणकाम. हात परत यावा म्हणून या नऊ महिन्यांत जे जे केलं, त्यातलं कशानं काय दिलं ते लिहिते. प्रत्येकाचा झटका वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या माणसाचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी एक सांगून टाकते. घराजवळच्या दवाखान्यात मला बीपीची गोळी देऊन परत पाठवलं, त्यात तीन तास गेले. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलात पोचून स्कॅन होईपर्यंत ती वेळ टळली होती. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मधे कुठं थांबू नका. सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. अजूनही आठवलं की पोटात कालवतं.

पहिला महिना हात नुसता लोंबत होता. व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्यानं दाराच्या चौकटीला पुली बांधली आणि चांगल्या हातानं दोरी ओढून लुळा हात डोक्यावर न्यायला लावला. आठ दिवसांत खांदा इतका ठणकायला लागला की कूस बदलता येईना. नंतर ज्या फिजिओथेरपी मॅडम आल्या त्यांनी पहिल्याच दिवशी पुली सोडून ठेवली. हात वर जाताना खांद्याचं पातं सोबत फिरायला लागतं. लुळ्या अंगाचं ते फिरत नाही आणि आतला भाग चिमटतो, असं त्यांनी समजावलं. बसताना हाताखाली उशी, आणि उठवताना कुणीही हात धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही. भेटायला येणारे पाहुणे मायेनं नेमकं तेच करतात. ते दुखणं जायला दोन महिने लागले. घरच्यांनो, बोटांची काळजी नंतर करा, आधी खांदा जपा.

दुसऱ्या महिन्यात आरसा आला. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, लुळा हात त्याच्यामागे, चांगला हात पुढे. चांगला हात उघडमीट करायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे उजवाच हात हलतोय असं डोळ्यांना दिसतं. मेंदूचे अभ्यासक डॉ. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या लोकांच्या, नसलेल्या हातातल्या वेदनेसाठी ही युक्ती काढली. झटक्याच्या रुग्णांवर ती करून पाहिल्याचा पहिला अभ्यास १९९९ मधला. मॅडम म्हणाल्या, दोन्ही हात सारखे दिसले पाहिजेत. माझ्या उजव्या हाताच्या बांगड्या सुजेमुळं हॉस्पिटलातच काढल्या होत्या, म्हणून डाव्याच्याही काढा. आत्याबाई ऐकेनात. ‘नवरा जित्ता असताना हात मोकळा ठेवायचा व्हय गं?’ दोन दिवस आरसा तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच महाद्वार रोडला जाऊन दोन-आठच्या सहा हिरव्या बांगड्या घेऊन आल्या, माझं माप दोन-चार. सुजलेल्या हातात त्या सैल बसल्या. रोज अर्धा तास आरसा, मग बांगड्या काढून ठेवायच्या, कारण त्या हाताला काच टोचली तरी कळत नव्हतं. पाचव्या आठवड्यात आरशामागं अंगठा हलला. मला कळलंच नाही, बांगड्यांच्या आवाजावरनं आत्याबाईंना कळलं. ज्याचा हात अजिबात हलत नाही त्यानं इथून सुरुवात करावी, हे मी मनापासून सांगते. खर्च एका आरशाचा.

स्नायूंना हलका करंट देणाऱ्या स्टिम्युलेशनच्या मशीननं मनगट आणि बोटं वर उचलली जायची. करंट आला की आपणही जोर लावायचा, नुसतं पडून राहिलं तर फायदा कमी. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मशीन लावू नका. मला मदत झाली, पण हात त्यानं आला असं म्हणणार नाही.

हात खरा आला तो बटणांनी. २००९ च्या एका अभ्यासात थेरपीच्या एकेका तासात प्रत्यक्ष मोजलं तेव्हा लुळ्या हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र मेंदूत बदल दिसायला रोज शेकड्यांनी हालचाली लागल्या होत्या. मॅडमनी हे सांगितलं आणि मी दुकानातला बटणांचा डबा मागवला. तीनशे बटणं एका डब्यातून दुसऱ्यात, एकेक, उजव्या हातानं. डबा संपला की तीनशे झाले, मोजायची गरज नाही. आधी कोटाची मोठी बटणं, मग शर्टाची, आता ब्लाऊजचे हूक. पहिल्या दिवशी सव्वीस बटणं झाली आणि घामानं पदर भिजला. महिन्याभरानं एका बैठकीत डबा संपायला लागला.

सगळ्यात अवघड गेले ते जोतिबाच्या यात्रेआधीचे पंधरा दिवस. चांगला हात जाड मोज्यात बांधून ठेवायचा आणि जागेपणी बहुतेक वेळ लुळ्यानंच कामं करायची. हात चालत नाही म्हणून आपण वापरत नाही, वापरत नाही म्हणून तो आणखी जातो. हे चक्र तोडायची पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी बसवली. तिथल्या २२२ रुग्णांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्यांवरचा, आणि त्यात गुण आला. पण मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता आली पाहिजेत. अजिबात न हलणाऱ्या हातासाठी हे नाही. माझ्या दुकानातल्या मुलीनं रजईचं अस्तर लावून मोजा शिवून दिला. गॅस, गरम पाणी आणि जिना, इथं तो काढायचा. पहिल्या सकाळी पोहे ताटापेक्षा मांडीवर जास्त पडले. आमचे अहो भरवायला पुढे आले तर मी ओरडले त्यांच्यावर, आणि मग दोघंही रडलो. दहाव्या दिवशी पाण्याचा तांब्या एकट्या उजव्या हातानं उचलला.

बोटं आखडायची म्हणून एकदा स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शनही घेतलं. तीनेक महिने सैल राहतं, तेवढ्या दिवसांत व्यायाम दामटून घ्यायचा, नाहीतर पैसे वाया. हाताला व्यायाम देणाऱ्या रोबोटसाठी पुण्याला जायचं ठरत होतं; ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात रोबोटनं नेहमीच्या उपचारापेक्षा हाताचं काम सुधारलं नाही हे कळल्यावर बेत रद्द केला. कबुतराचं रक्त चोळा, असंही तिघांनी सांगितलं. सांगणारी माणसं प्रेमाची होती, पण त्यानं हात येत नाही आणि पहिले तीन महिने, जेव्हा हात सगळ्यात भराभर सुधारतो, हातचे जातात.

भाकरी जूनपासून थापते. डावा हात फिरवतो, उजवा थापतो, कडा अजून जाड राहते. कात्री धरता येते, कापड सरळ कापलं जात नाही. सध्या सुईत दोरा ओवायचं चाललंय: सुई डाव्या हातात, दोरा उजव्या. परवा अकराव्या खेपेला गेला, काल सातव्या.